एअर-कूल्ड बीटल चालता चालता बंद पडते? कुठून तपासायला सुरुवात करायची

जुनी एअर-कूल्ड (पाण्याऐवजी हवेने थंड होणारी) गाडी बंद पडायला लागली की पहिला हात कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूवर जातो. स्क्रू सहज सापडतो, फिरवला की इंजिनाचा आवाज बदलतो आणि आपण काहीतरी केलं असं वाटतं. पण गाडी बंद पडण्याचं कारण बऱ्याचदा ठिणगीच्या बाजूला असतं. कार्ब्युरेटर आधी फिरवून ठेवला, की मूळ दोष आणि आपण केलेला नवा दोष यांची सरमिसळ होते. मग कुठलीच चाचणी धड उत्तर देत नाही.

म्हणून या लेखात कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग मुद्दाम शेवटाकडे ठेवलं आहे. त्याआधीचं सगळं काम एकच गोष्ट शोधण्याचं: इंजिन ज्या क्षणी मेलं, त्या क्षणी त्याला काय मिळत नव्हतं? पेट्रोल, ठिणगी की योग्य प्रमाणात हवा?

उदाहरण म्हणून फोक्सवॅगन बीटल घेतली आहे, म्हणजे मागे चार सिलिंडरचं आडवं इंजिन आणि त्यावर एकच सोलेक्स कार्ब्युरेटर. फियाट ५०० किंवा सिट्रोएन २सीव्ही असेल तर विचार करण्याची पद्धत हीच, फक्त आकडे आणि जागा वेगळ्या. (२सीव्हीत डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना आळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाची, कॅप शोधत बसू नका. त्या गाडीला ती नसतेच, आणि पॉइंट्स, म्हणजे ठिणगी पाडण्यासाठी प्रवाह तोडणारा छोटा स्विच, कूलिंग फॅनच्या मागे असतात.)

## आधी कागद आणि क्रमांक

या गाड्यांची इंजिनं इतक्या वेळा बदललेली असतात की गाडीच्या सालावरून इंजिनाचं साल धरणं धोक्याचं आहे. १९६८ च्या गाडीत १९७२ चं इंजिन, त्यावर तिसऱ्याच गाडीचा डिस्ट्रिब्युटर, असं सर्रास दिसतं. त्यामुळे तपासणीआधी चार गोष्टी वहीत लिहा:

- इंजिन क्रमांक. डायनॅमो ज्या बैठकीवर बसतो तिच्या खाली, क्रँककेसवर तो ठोकलेला असतो.
- डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरचा क्रमांक. टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडायची ते) किती ठेवायचं ते यावर ठरतं.
- कार्ब्युरेटरचा प्रकार: ३० पिक्ट, ३४ पिक्ट वगैरे. तो बॉडीवरच कोरलेला असतो.
- गाडी ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची. कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी झडप), बल्ब सगळं त्यानुसार.

त्या इंजिनाचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. खाली दिलेले आकडे बहुतेक १२ व्होल्टच्या इंजिनांना चालतात, तरी तुमच्या मॅन्युअलात वेगळं असेल तर मॅन्युअलाचं ऐका.

## हाताशी काय हवं

फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, स्पार्क टेस्टर, २१ मिलिमीटरचा प्लग पाना, १३ चा पाना, दोन-तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, दोन टोकांना क्लिप असलेली लांब वायर, टायमिंग लाइट, चांगला टॉर्च आणि पेट्रोल झेलायला झाकणाची बाटली. डायनॅमोच्या पुलीचा नट २१ चाच आहे, तोच पाना लावून इंजिन हाताने फिरवता येतं.

आणि अग्निशामक. ही वस्तू ऐच्छिक नाही.

## १. आधी आग, मग दुरुस्ती

बीटलच्या इंजिनाचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. तो एकदा पेटला तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. म्हणून सेल्फ मारण्याआधी पेट्रोलची पूर्ण वाट डोळ्यांनी पाहा.

जुना कापडी वेष्टणाचा होज वरून धडधाकट दिसतो आणि आतून तडकलेला असतो. तो हलका वाकवून पाहा. बोटाला ओल लागली, वास आला किंवा रबर कडक झालं असेल तर सगळे होज बदला. नवा घेताना इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकणाराच घ्या, कारण जुन्या प्रकारचं रबर त्यात मऊ पडतं.

मग कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जिथून शिरतं ती पितळी नळी बोटांनी धरून ओढून-फिरवून पाहा. ती नुसती दाबून बसवलेली असते आणि वर्षांनंतर सैल होते. ती निसटली की पंप थेट गरम इंजिनावर आणि डिस्ट्रिब्युटरवर पेट्रोल ओततो. जराही हलत असेल तर गाडी सुरू करू नका.

पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये होजवर लोंबकळणारा प्लॅस्टिकचा फिल्टर अनेक गाड्यांत दिसतो. दिसायला सोयीचा असला तरी जागा चुकीची आहे. फिल्टरच्या वजनाने आणि हादऱ्याने होज ताणले जातात. फिल्टर हवाच असेल तर इंजिनाच्या कप्प्याबाहेर, टाकीजवळ बसवा.

बाकीचं नेहमीचंच: गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, गॅरेजचं दार उघडं, सैल बाह्या आणि अंगठ्या बेल्टपासून दूर.

## २. कधी बंद पडते, ते नीट लिहा

'मधेच बंद पडते' एवढ्यावर कुठलाही मेकॅनिक काही सांगू शकणार नाही. इंजिन थंड होतं की गरम? आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता), पिकअप देताना की सरळ वेगात असताना? हवा कशी होती? टाकी किती भरलेली? परत लगेच सुरू झाली की काही वेळ थांबावं लागलं?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळाच आहे: मेली कशी?

चावी फिरवून बंद केल्यासारखी एका झटक्यात गेली, तर विजेच्या बाजूला पाहा. आचके देत, मिसिंग करत, अॅक्सिलरेटर पंप केल्यावर क्षणभर सावरत गेली, तर पेट्रोल. काळा धूर आणि पेट्रोलचा उग्र वास सोडत, गुदमरत गेली, तर पेट्रोल जास्त होतंय: चोक अडकलाय किंवा फ्लोटचा निडल व्हॉल्व्ह, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या वाटीत येणारं पेट्रोल रोखणारी झडप, धरत नाही.

कॉइलवर चालणारा टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) असेल तर त्याच्याकडे लक्ष ठेवा. गाडी गिअरमध्ये पळतेय, म्हणजे इंजिन अजून फिरतंय, आणि काटा मात्र धाडकन शून्यावर आला, तर कॉइलच्या प्राथमिक सर्किटमधला प्रवाह तुटलाय. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धी यादी गळते.

डायनॅमोचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर मात्र काही तपासत बसू नका, लगेच थांबा. त्याच बेल्टवर कूलिंग फॅन फिरतो. बेल्ट तुटला असेल तर इंजिनाला थंड करणारं दुसरं काहीच नाही. आयडलला दिवा मंद लुकलुकणं वेगळं, डायनॅमोच्या गाडीत ते चालतं.

## ३. बंद पडली त्याच जागी दोन चाचण्या

दोष दिसतो तो इंजिन मेलेलं असताना. दहा मिनिटांनी गाडी परत सुरू झाली की पुरावा गेला. त्यामुळे गाडी सुरक्षित कडेला घ्या, मागचं झाकण उघडा आणि सेल्फ मारत बसण्याऐवजी हे करा.

पेट्रोल आहे का? चावी बंद. एअर क्लीनर काढा, टॉर्चने कार्ब्युरेटरच्या घशात पाहा आणि थ्रॉटलचा लिव्हर हाताने ओढा. एका बारीक नळीतून पेट्रोलची धार उडायला हवी. धार आली म्हणजे वाटीत पेट्रोल आहे, आणि ते संपल्यामुळे इंजिन मेलेलं नाही. काहीच आलं नाही तर खालचा पाचवा टप्पा वाचा. (धार येत नाही पण वाटी भरलेली आहे, असंही होतं. मग अॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम फाटलाय. अशी गाडी आयडलला ठीक चालते आणि पिकअप देताच मरते.)

ठिणगी आहे का? घसा झाका, सांडलेलं पेट्रोल पुसा, वास जाऊ द्या. कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढून स्पार्क टेस्टरला जोडा, टेस्टरची क्लिप इंजिनाच्या धातूला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट आणि मरगळलेली ठिणगी म्हणजे ठिणगी नाहीच असं समजा. वायर नुसती हवेत लोंबती ठेवून सेल्फ मारू नका, पॉइंट्सऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलेलं असेल तर त्याने ते जळू शकतं.

कॉइलमधून ठिणगी चांगली येतेय पण प्लगपर्यंत पोचत नाही, तर कॅप आणि तिच्याखाली फिरणारा रोटर तपासा. रोटरला केसाएवढी चीर असली तरी ठिणगी तिथूनच खाली शाफ्टला उतरते. कॅपच्या आत मधोमध कार्बनचा छोटा दांडा असतो, तो स्प्रिंगवर आतबाहेर झाला पाहिजे.

## ४. ठिणगीची बाजू

कॉइलवर दोन क्रमांक असतात. १५ म्हणजे चावीकडून येणारा प्रवाह, १ म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर. चावी चालू करून, पॉइंट्स बंद असताना १५ वर मल्टिमीटर लावा. बॅटरीएवढा व्होल्टेज दिसायला हवा. एक व्होल्टपेक्षा जास्त गळत असेल तर कॉइल बदलून फायदा नाही. दोष चावीच्या स्विचमध्ये, फ्यूजबॉक्सजवळच्या जोडणीत किंवा सैल झालेल्या क्लिपमध्ये आहे.

याची खात्री करायला ती लांब वायर कामी येते. बॅटरी मागच्या सीटखाली असते. तिच्या पॉझिटिव्हपासून थेट कॉइलच्या १५ ला वायर जोडा, मध्ये फ्यूज टाका आणि गाडी चालवून पाहा. आता बंद पडत नसेल तर चावीपासून कॉइलपर्यंतच्या वाटेतच कुठेतरी खोट आहे. ही वायर जोडलेली असेपर्यंत चावी काढूनही इंजिन बंद होणार नाही हे लक्षात ठेवा, आणि चाचणी झाली की लगेच काढा. इंजिन बंद असताना जोडलेली राहिली तर कॉइल भाजते.

अर्थिंगही पाहून घ्या. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरावर बसलेले असतात, त्यांना बॉडीशी विजेने जोडणारी विणलेली पट्टी गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाशी असते. ती गंजली किंवा तुटली की प्रवाह अॅक्सिलरेटरच्या केबलसारखे भलते मार्ग शोधतो आणि लक्षणं चक्रावून टाकतात.

आता डिस्ट्रिब्युटर. कॅप आणि रोटर काढून आत टॉर्च मारा. पॉइंट्सची तोंडं जळून खड्डा-उंचवटा झालाय का? तसं असेल तर कंडेन्सरवर (पॉइंट्सना जोडलेली छोटी डबी) संशय घ्या. पॉइंट्सकडे जाणारी छोटी वायर हळूच ओढून पाहा. ही वायर फसवते: वरचं इन्सुलेशन शाबूत, आतली तार मात्र तुटून दोन टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली. आयडलला गाडी मजेत चालते. अॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूमने, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या ओढीने, पॉइंट्सखालची प्लेट सरकते, तारेची टोकं दूर होतात आणि इंजिन एकदम मरतं. पाय काढला की प्लेट जागेवर आणि सगळं पुन्हा ठीक! या लक्षणाला लोक हमखास कार्ब्युरेटरचा दोष म्हणतात. तपासायला सोपं आहे: मल्टिमीटर रेझिस्टन्सवर ठेवून वायरच्या दोन्ही टोकांना लावा आणि प्लेट बोटाने सरकवा. आकडा नाचला की चोर सापडला. प्लेटला अर्थिंग देणारी दुसरी छोटी वायर असेल तर तिलाही हीच परीक्षा.

ही प्लेट ओढणारा, डिस्ट्रिब्युटरच्या बाजूचा व्हॅक्यूमचा डबा तपासायला त्याच्या नळीतून तोंडाने हवा ओढा. प्लेट सरकायला हवी, आणि नळीवर जीभ ठेवली की तिथेच थांबायला हवी. परत येत असेल तर डायफ्रॅम फाटलाय. मग अॅडव्हान्स (ठिणगी लवकर पडणं) मिळत नाही आणि वर तिथून हवाही शिरते.

कंडेन्सर आणि कॉइल या दोन वस्तू गरम झाल्यावरच दगा देतात. बाकावर थंड असताना मोजल्या तर सगळे आकडे बरोबर येतात, त्यामुळे त्या तपासण्यापेक्षा एकेक करून अदलाबदल करणं बरं. आधी कंडेन्सर बदला, चालवून पाहा, मग कॉइल. आणि 'नवा टाकलाय, म्हणजे तो नसणार' असं म्हणू नका. आजकाल मिळणाऱ्या कंडेन्सरचा दर्जा इतका बेभरवशाचा आहे की नवा असूनही तो पहिला संशयित असतो. चालू गाडीतून काढलेला, खात्रीचा जुना कंडेन्सर मला नव्यापेक्षा मोलाचा वाटतो.

## ५. पेट्रोलची बाजू

पेट्रोल पुढच्या टाकीतून मधल्या टनेलमधल्या नळीने मागे येतं. तिथे इंजिनावरच बसलेला पंप ते ओढतो. पंप एका छोट्या दांड्याने हलतो आणि तो दांडा डिस्ट्रिब्युटर फिरवणाऱ्या शाफ्टवर चालतो.

पंप तपासताना कॉइलच्या १५ ची वायर काढून तिचं टोक टेपने झाका, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्ब्युरेटरकडचा होज काढून बाटलीत सोडा आणि सेल्फ मारायला सांगा. ठोके दिल्यासारखी जोमदार धार यायला हवी. नुसते थेंब पडत असतील तर पंपाच्या आधीचा होज काढा. तिथे पेट्रोल आपोआप वाहून येतंय का? येत असेल तर दोष पंपात. येत नसेल तर मागे मागे जा: फिल्टर, होज, टनेलमधली नळी, टाकीच्या तळाची जाळी. जुन्या टाकीतला गंज या जाळीवर बसतो. इंजिन चालताना ओढीने तो घट्ट चिकटतो, गाडी बंद पडली की सुटून खाली बसतो आणि गाडी परत सुरू होते.

अशीच फसवणूक टाकीचा श्वास कोंडल्यानेही होते. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत आली पाहिजे. ती वाट बुजली तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंप हरतो. गाडी बंद पडल्यावर लगेच टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढली गेल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर उत्तर मिळालं.

उलटा दोषही असतो. पंपाचा दाब जास्त असेल तर तो निडल व्हॉल्व्हला ढकलून वाटी ओसंडवतो. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवलेल्या इंजिनांत हे पाहायला मिळतं, कारण दोन प्रकारच्या पंपांच्या दांड्यांची लांबी वेगळी असते: जुन्या पंपाची १०८ मिलिमीटर, अल्टरनेटरसाठीच्या पंपाची १००. पंप एकाचा आणि दांडा दुसऱ्याचा झाला की एकतर पेट्रोल पुरत नाही किंवा पूर येतो.

## ६. फक्त आयडलला मरत असेल

सिग्नलला थांबलात की बंद, पाय ठेवला तर चालू. इथे सगळ्यांत स्वस्त चाचणी आधी करा. १२ व्होल्टच्या बहुतेक कार्ब्युरेटरच्या बाजूला एक छोटा गोल सोलेनॉइड असतो. चावी चालू झाली की तो आयडलच्या पेट्रोलची वाट उघडतो. चावी चालू ठेवून त्याची वायर काढा आणि परत टेकवा. स्पष्ट 'टिक' ऐकू यायला हवं. आवाज नसेल तर वायरला करंट येतोय का ते पाहा. करंट असूनही टिक नाही, म्हणजे सोलेनॉइड गेला. टिक आहे पण गाडी मरते, तर आयडल जेटमध्ये कचरा असू शकतो. जेट काढून दाबाच्या हवेने साफ करा. सुई खुपसू नका, भोक मोठं होतं.

मग चोरवाटेने शिरणारी हवा. इनटेक मॅनिफोल्डचे (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांचे) सांधे, दोन-पोर्टच्या (प्रत्येक हेडला दोन इनटेक वाटा असलेल्या) इंजिनातले रबरी बूट, कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट, व्हॅक्यूमच्या नळ्या. इंजिन आयडलला ठेवून एकेका सांध्यावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा आणि कान द्या, आवाज बदलला की गळती तिथे. कार्ब क्लीनरने उत्तर जास्त ठळक मिळतं, पण तो पेट घेतो, म्हणून गरम सायलेन्सरजवळ तो न वापरलेला बरा. थ्रॉटलचा शाफ्ट वर-खाली हलवूनही पाहा. तिथे खेळ असेल तर कितीही ट्यूनिंग केलं तरी आयडल स्थिर राहणार नाही, बुश नवे बसवावे लागतील.

ऑटोमॅटिक चोक थंड इंजिनात पूर्ण मिटलेला असतो आणि विजेवर तापून काही मिनिटांत उघडतो. सुरू करण्याआधी अॅक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडावा लागतो, त्याशिवाय चोक बसतच नाही. नव्या मालकांच्या 'सकाळी सुरू होऊन लगेच मरते' या तक्रारींपैकी काही इथेच मिटतात. चोकची वायर निसटली असेल तर उलटं होतं: गरम इंजिनातही झडप मिटलेली राहते आणि काळा धूर येतो.

## ७. थंड, दमट हवेत मरत असेल

गाडी नीट सुरू होते, थोडं अंतर जाते, मग ताकद जाते आणि आयडलला मरते. पाच-दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नव्हतं. हवा दमट आणि तापमान शून्यापासून दहा-पंधरा अंशांच्या दरम्यान असेल तर बर्फाचा संशय घ्या. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषतं आणि हवेतला ओलावा कार्ब्युरेटरच्या आत गोठतो. बंद पडल्यावर लगेच मॅनिफोल्डचा कार्ब्युरेटरखालचा भाग पाहा: बाहेरून दव साचलेलं असतं, कधी पांढरं हिमही दिसतं.

हे होऊ नये म्हणून मॅनिफोल्डला चिकटून एक बारीक नळी जाते. तिच्यातून एक्झॉस्टचा गरम वायू फिरतो. वर्षानुवर्षांच्या काजळीने ती आतून बुजते. इंजिन गरम असताना तिच्या दोन्ही बाजूंजवळ हात नेऊन पाहा (टेकवू नका). एक बाजू तापलेली आणि दुसरी गार असेल तर वाट बंद आहे. मॅनिफोल्ड काढून ती साफ करणं हे कष्टाचं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. एअर क्लीनरला गरम हवा आणणारा जाड होजही अनेक गाड्यांतून 'फालतू' म्हणून काढून टाकलेला असतो. तो परत लावा.

## ८. गरम झाल्यावर मरत असेल

इथे लोक पटकन 'व्हेपर लॉक' म्हणून मोकळे होतात. पेट्रोलची नळीत वाफ होऊन अडथळा येतो हे खरं, पण तिसऱ्या टप्प्यातली धार येत असेल तर तो व्हेपर लॉक नाही. आधी कंडेन्सर, कॉइल पाहा. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी सोडलेली फट. गॅप फार कमी असेल तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं. तीन नंबरच्या सिलिंडरची विशेष काळजी घ्या. जुन्या फॅन हाउसिंगमध्ये ऑइल कूलर त्याच्या हवेच्या वाटेतच उभा असतो, त्यामुळे तो इतरांपेक्षा जास्त तापतो.

इंजिन मुळात जास्तच तापत असेल तर पत्रे आणि रबर पाहा. इंजिनाभोवतीची रबरी पट्टी, प्लगच्या वायरींवरची रबरी झाकणं, सिलिंडरवरचे पत्रे, यातलं काहीच शोभेसाठी नाही. पट्टी नसेल तर खालची तापलेली हवा फॅन परत वर ओढतो.

गरम गाडी थोडा वेळ उभी राहून परत सुरू होत नसेल तर वाटीतलं पेट्रोल उकळून आत उतरलेलं असतं. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. पंप करू नका.

## ९. दोष सापडल्यावर ट्यूनिंग, याच क्रमाने

क्रम बदलला तर केलेलं काम परत करावं लागतं.

टॅपेट: इंजिन पूर्ण थंड, शक्यतो रात्रभर उभी असलेली गाडी. बहुतेक इंजिनांना ०.१५ मिलिमीटर. गाडीच्या मागे उभं राहिलं की उजवीकडे लांबचा सिलिंडर १ आणि जवळचा २, डावीकडे लांबचा ३ आणि जवळचा ४. फायरिंग ऑर्डर १-४-३-२. एका सिलिंडरवरून पुढच्यावर जायला क्रँकची पुली अर्धा फेरा घड्याळाच्या दिशेने फिरवा.

प्लग: गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरेफटक म्हणजे हवा जास्त. बसवताना पहिले फेरे हातानेच द्या, हेड अॅल्युमिनियमचं आहे.

पॉइंट्स: टाच कॅमच्या उंचवट्यावर असताना ०.४ मिलिमीटर. कॅमवर ग्रीसचा अगदी छोटा ठिपका.

टायमिंग: पॉइंट्सनंतरच, कारण गॅप बदलली की टायमिंगही सरकतं. आकडा डिस्ट्रिब्युटरनुसार. कित्येक जुन्या इंजिनांना टीडीसीच्या (पिस्टन हेडच्या सगळ्यांत जवळ असतो त्या जागेच्या) आधी ७.५ अंश लागतात, तर ३४ पिक्ट कार्ब्युरेटर आणि दोन नळ्यांच्या व्हॅक्यूम डब्याच्या काही इंजिनांना टीडीसीच्या नंतर ५ अंश. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर गाडी कधीच नीट चालणार नाही. व्हॅक्यूमचा डबा नसलेला ००९ डिस्ट्रिब्युटर ३४ पिक्टबरोबर बसवलेला असेल तर पिकअप देतानाचं अडखळणं पूर्ण जाईल अशी आशा ठेवू नका. मी तरी मूळ व्हॅक्यूमवाला शोधेन.

कार्ब्युरेटर: इंजिन गरम, चोक पूर्ण उघडलेला. ३४ पिक्टमध्ये आयडलचा वेग मोठ्या बायपास स्क्रूने ठरवायचा, थ्रॉटलच्या लिव्हरवरच्या स्क्रूने नाही. तो स्क्रू फिरवून थ्रॉटल उघडा ठेवला की व्हॅक्यूमचं छिद्र आयडललाच उघडं पडतं आणि सगळा हिशेब बिघडतो. बारीक मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवा, तिथून अडीच फेरे बाहेर काढा आणि मग थोडा मागे-पुढे करत इंजिन जिथे सगळ्यांत गुळगुळीत चालेल तिथे ठेवा. वेग ८०० ते ९०० आरपीएम.

प्रत्येक बदलानंतर गाडी चालवून पाहा, आणि काय बदललं ते वहीत लिहा. एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली ते कळत नाही, आणि जुना भाग फेकायचा की ठेवायचा तेही ठरवता येत नाही.

इतकं सगळं करूनही एखादा सिलिंडर काम करत नसेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. एकच खूप खाली असेल, टॅपेट बरोबर असूनही, तर हेड उतरवावं लागेल. ते काम या इंजिनांची माहिती असलेल्या मेकॅनिककडे न्या आणि जाताना ती वही बरोबर ठेवा. गाडीत कायम ठेवायचं सामान: खात्रीचा कंडेन्सर, पॉइंट्सचा सेट, रोटर, फॅन बेल्ट आणि तो घालता येईल असा पाना, थोडा पेट्रोलचा होज, दोन क्लॅम्प, स्पार्क टेस्टर आणि टॉर्च.